शंकरच्या खळ्यातलं ब्राझील

सराव परीक्षेचे पेपर मी घरी नेऊन तपासतो. शाळेत बसलं की कोणीतरी चहाचा कप घेऊन मागे उभं राहतं, खांद्यावरून पेपर वाचतं आणि हसतं. मुलांच्या चुकांना हसायचा हक्क फक्त शिकवणाऱ्याचा, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. त्या जानेवारीत मात्र मलाही हसू आलं नाही. वरच्या वाडीतल्या मुलांचे भूगोलाचे पेपर एकापाठोपाठ एक हातात येत होते आणि प्रत्येकात ॲमेझॉन नदी पश्चिमेला वाहत होती.

पूर्वेच्या डोंगरातून निघायची, वाटेत भातशेती भिजवायची आणि पश्चिमेच्या समुद्राला मिळायची. एकाने नदीच्या मुखाशी देवबागला आहे तशी वाळूची पट्टी काढून दाखवली होती. आकृती सुबक होती, ते नाकारत नाही. ब्राझीलमध्ये मृगाला पाऊस सुरू होत होता आणि किनाऱ्यावर लोक सूर्यास्त बघायला जमत होते. आमच्या शाळेत दहावीचा भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझील यांची तुलना. ब्राझीलचा समुद्र पूर्वेला आहे हे मी वर्षभर घसा कोरडा करून सांगितलं होतं. नकाशा भिंतीवर टांगलेला होता, पुस्तकातही होता.

आधी वाटलं कॉपी. पण मुलं वेगवेगळ्या खोल्यांत बसली होती. मग देवेशचा पेपर हाती आला. त्याने लिहिलं होतं, "ब्राझील म्हणाला, हे भारता, तुझी गंगा थोर असेल, परंतु माझी ॲमेझॉन जेव्हा पश्चिम सागराला भेटावया निघते, तेव्हा दाही दिशा थरथरतात." भूगोलाच्या पेपरात अवतरणचिन्हं मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि तो 'परंतु' मी ओळखला. आमच्या भागात असा 'परंतु' म्हणणारा एकच माणूस आहे.

शंकर आणि मी सहावीपर्यंत एका बाकावर बसलो. त्यानंतर मी सातवीत गेलो आणि तो दशावताराच्या कंपनीत. तेव्हापासून तो राजा आहे. कधी विराट, कधी हिरण्यकश्यपू, कधी नुसताच कुठला तरी राजा. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं हे आमच्याकडे पोरासोरांना माहीत आहे. रंगायला बसलं की कंपनीचा मुख्य नट कथा सांगतो, कोण कुणाच्या मागून येणार, कोण कुणाला मारणार, आणि तोंडाला रंग चढेपर्यंत सगळ्यांचं ठरलेलं असतं. बोलायचं ज्याचं त्याने, उभ्या जागी, डोक्यातून. शंकर त्यात पटाईत. समोरचा नट गडबडला तर तो दोघांची भाषणं एकटा करतो आणि बघणाऱ्याला कळतही नाही. वाचायला मात्र त्याला वेळ लागतो. लग्नपत्रिका वाचतानासुद्धा तो ओठ हलवतो.

जत्रांचा हंगाम सुरू झाला की रात्री नाटक, पहाटे घरी, दुपारपर्यंत झोप. म्हणजे दुपारनंतर वाडीत घरी असलेला धडधाकट बाप एकच. बाकीचे कोणी होडीवर, कोणी बागेत फवारणीला, बायका काजूच्या फॅक्टरीत. दहावीच्या पोरांना अभ्यासाला बसवायचं कोणी? शंकरची मुलगी सृष्टी त्या वर्षी दहावीला होती. ती त्याच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, चटई टाकून बसायला लागली, तिच्या मागून देवेश आला, मग बाकीची आली. शंकर सुरुवातीला नुसता राखणीला बसत होता. पण गप्प बसणं हा त्याचा पिंड नाही. पोरं पुटपुटत पाठ करतात हे त्याला बघवेना. "असा मंत्र पुटपुटल्यासारख्या काय वाचतास? माका कथा सांगा," म्हणाला. पोरांनी सांगितली. मोठा डोंगर आहे, त्यातून मोठी नदी निघते, समुद्राला मिळते. शंकरला तेवढं पुरे होतं. दशावतारात राजाचं सिंहासन म्हणून असतं तसं बाकडं खळ्यात आलं, त्यावर शंकर भारत होऊन बसला, देवेश ब्राझील झाला, सृष्टी ॲमेझॉन. आणि जे पोरांनी सांगितलं नव्हतं ते शंकरने आपल्या पदरचं घातलं.

हे सगळं मला त्याच्या घरी गेल्यावर कळलं. मी तावातावाने गेलो होतो, पेपरांचा गठ्ठा काखेत मारून. तो नुकताच आंघोळ करून उघडाच पायरीवर बसला होता. कानामागे रात्रीचा रंग थोडा राहिला होता.

"शंकर, ॲमेझॉन खंय जाता?" मी उभ्या उभ्या विचारलं.

"दर्याक."

"खंयच्या दिशेक?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. मास्तर झालेला माणूस असं काही विचारतो याचं त्याला वाईट वाटलं असावं. मग माडांच्या पलीकडे हात केला. "दर्यो खंय आसता मास्तर? पश्चिमेक."

मी पुस्तकातला नकाशा उघडून त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने तो पाहिला, उलटा फिरवून पाहिला, पुन्हा सरळ केला.

"हो दर्यो उजवीकडे कसो?"

"तेंचो दर्यो पूर्वेक आसा. ॲमेझॉन पश्चिमेच्या डोंगरातून निघता आणि पूर्वेक जाता."

"मगे सूर्य?"

"दर्यातून वर येता."

"आणि मावळता?"

"जमिनीवर. रानात, डोंगरात."

तो नकाशावर बोट फिरवत राहिला. मीही माझा राग कुठे ठेवावा ते न कळून गठ्ठा चाळत राहिलो. त्याची चूक मला एकदम कळली होती. इथे जन्मलेल्या माणसाच्या अंगातच दिशा असतात. कर्ली नदी काय, गड नदी काय, साऱ्या सह्याद्रीतून उतरतात आणि मावळतीकडे जातात. पाणी म्हणजे मावळती. शंकरला कोणी नदी आणि समुद्र एवढंच सांगितलं तर तो तिला आणखी कुठे धाडणार? आणि पोरांनीही भिंतीवरचा नकाशा सोडून त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण नकाशा बोलत नाही आणि शंकर बोलतो. वर्षभर मी शिकवलेलं त्याच्या दोन दुपारींनी धुऊन काढलं, हे मला चांगलंच झोंबलं.

तेवढ्यात त्याची बायको सुभद्रा फॅक्टरीतून आली. तिने मला पाहिलं, गठ्ठा पाहिला आणि पायावर पाणी घेण्याआधी विचारलं, "किती पडले सर तिका?"

मी सांगितलं. भूगोलात सृष्टी साफ गेली होती. इतिहास-भूगोल मिळून एक विषय, त्यामुळे इतिहासाचे गुण धरूनही तो निघत नव्हता, आणि गणितात ती जेमतेम काठावर होती.

सुभद्राने आवाज चढवला नाही. ती तशी बाईच नाही. काजूच्या तेलाने काळवंडलेली बोटं पदराला पुसत म्हणाली, "सर, मी फॅक्टरीत सांगान ठेवलंय. मार्चात चेडू पास झाला तर कॉलेजात जायत. नाय झाला तर जूनपासून माझ्यावांगडा कामाक. दुसऱ्यांदा परीक्षेक बसवूक माका जमाचा नाय. आणि ह्येंका सांगा, नाटक थंय करा, हंय नको."

दाराच्या आत सृष्टी उभी होती. तिने ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं. शंकरने पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "मी पोरांका उलटो देश दाखवलंय मास्तर." एवढंच. 

त्यानंतर तो गप्प झाला. पोरं यायची, चटईवर बसायची, पाठ करायची. शंकर मागच्या दारी जाऊन बसायचा. मला वाटलं, चला, बरं झालं. आता पुस्तकातलं पुस्तकात राहील. पण वर्गात वेगळंच दिसायला लागलं. मी प्रश्न विचारला की सृष्टी उभी राहायची, छताकडे बघायची आणि खाली बसायची. आधी ती चुकीचं का होईना, पण बोलत होती. आता तिच्या डोक्यात काहीच उरलं नव्हतं. एकदा मी तिला विचारलं, अगं, ॲमेझॉन कुठून निघते? तर म्हणाली, "सर, माका आता कायच दिसत नाय." मला तिचा राग आला आणि कीवही आली. मुलगी पास होणार नाही, जूनमध्ये आईबरोबर फॅक्टरीच्या वाटेला लागणार, हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं. आमच्याकडे दहावीनंतर मुलगी एकदा फॅक्टरीत गेली की परत येत नाही. वाईट कोणी काही करत नाही, पण येत नाही.

म्हणून फेब्रुवारीत पुन्हा त्याच्या घरी गेलो. शंकर मागच्या दारी नारळ सोलत बसला होता. मी म्हटलं, "मी तुका चुकीचा सांगू नको म्हटलंय. गप्प बस म्हटलंय नाय."

"माझा तोंडच चुकीचा," तो म्हणाला. "रंगमंचावर चालता. अभ्यासात नाय."

सृष्टी पुस्तक छातीशी धरून दारात आली होती. ती बापाच्या वळणावर गेलेली मुलगी आहे, म्हणजे बोलायला लागली की थांबत नाही, पण मोठ्यांच्या मध्ये सहसा पडत नाही. त्या दिवशी पडली.

"बाबा, तुमी कंपनीत कथा बदलतास?"

"कथा कशी बदलतलंय?" शंकरने वर न बघता विचारलं.

"कीचकाच्या हातान भीमाक मारलात कधी?"

"खुळी काय गो तू? लोक दगड मारतीत."

"मगे ब्राझीलची कथा कशी बदललात?"

शंकरचा हात थांबला. "माका जशी सांगलास तशी..."

"आमी अर्धी सांगली," सृष्टी म्हणाली. "आमकाच पुरी ठावक नव्हती. तुमच्या बोलण्यात आमका ठावक नसलेला झाकान गेला."

मी मास्तर आहे, मला हे आधी सुचायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. म्हणो. मला सुचलं नव्हतं आणि तिला सुचलं. मी दहावीच्या मुलांना पाठ्यपुस्तक समजावून देतो, पण त्यातलं काय हलवायचं नाही आणि काय आपल्या तोंडाने बोलायचं, हे मी कधी त्यांना वेगळं करून दाखवलं नाही. शंकरच्या धंद्यात ते पहिल्या दिवशी शिकवतात.

शंकरने सोललेला नारळ बाजूला ठेवला. "पुरी सांगशात?" त्याने विचारलं. "पुरी सांगल्याशिवाय मी बाकड्याक हात लावचंय नाय."

आणि मग जे सुरू झालं त्याला मी अभ्यास म्हणतो. तो बाकड्यावर बसेना. खाली चटईवर बसून, कधी नदी तर कधी देश होऊन पोरांना विचारी. मी खंयसून येतंय? माझ्या राज्यात थंडी कधी पडता? ह्यो जो कोरडो भाग सांगलास, थंय पाऊस का नाय, कोण अडवता? माझ्या मुलखात कॉफी खंय पिकता, आणि थंयच कित्याक? नटाला रंगमंचावर जायचं तर हे लागतंच, कुठून यायचं, कुठे जायचं, वाटेत कोण भेटतं. पोरं "थांबा काका" म्हणत पुस्तकात तोंड खुपसत. उत्तर अर्धवट आलं की शंकर मान हलवी आणि वाट बघे. त्याला खरंच माहीत नसे, म्हणून त्याला फसवणं शक्य नव्हतं. वर्गात माझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे हे मुलांना ठाऊक असतं, त्यामुळे त्यांना ते देण्याची घाई नसते.

पुरी कथा झाली की मग खळ्यात नाटक. इथे एक अडचण आली. शंकरचं घर पश्चिमेकडे तोंड करून आहे, आमच्याकडची बहुतेक घरं असतात तसं. खळा घरापुढे, खळ्याच्या टोकाला बेडं, म्हणजे बांबूचं फाटक, आणि त्यापलीकडे खाली समुद्र. आधीची ॲमेझॉन घराच्या दारातून निघायची आणि बेड्यातून बाहेर जायची. आता उगम बेड्यात आला आणि अटलांटिक महासागर सुभद्राच्या स्वयंपाकघरात गेला. शंकरला ते जमेना. भारत बनून तो ॲमेझॉनला निरोप द्यायचा आणि हात आपोआप समुद्राकडे जायचा. पोरं ओरडत, "काका, चुकलात, चुकलात." तो कपाळावर हात मारून घराकडे वळायचा. एवढी वर्षं एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जाणारा राजा, त्याला कोणी उलटा फिरवला नव्हता.

सुभद्राला हे काही पसंत नव्हतं. चुलीपाशी पोरांची वर्दळ कुणाला आवडेल? पण फॅक्टरीच्या सुट्टीच्या एका दुपारी मी पायरीवर होतो तेव्हा आतून तिचा आवाज आला, "काय गो, ॲमेझॉन अजून इली नाय? भात उतरवूचा आसा." पोरं हसली. तीही हसली असावी, पण ती बाहेर आली नाही.

निकालाचं आत्ताच सांगून टाकतो, उगाच ताणण्यात अर्थ नाही. देवेश पास झाला, बाकीचीही झाली. सृष्टी पास झाली. गणितात कशीबशी, पण झाली, आणि भूगोलाने तिला हात दिला. आता ती कॉलेजात जाते. सुभद्राने फॅक्टरीत जाऊन तिच्यासाठी राखलेली जागा दुसऱ्या मुलीला द्यायला सांगितलं. पण मला निकालाचं सांगायचं नव्हतं. मला त्या पेपरच्या दिवसाचं सांगायचं आहे.

भूगोल शेवटचा पेपर. त्या दिवशी मला वर्गावर काम नव्हतं, कारण ज्या विषयाचा पेपर त्या विषयाचा मास्तर आत घेत नाहीत. मी मालवणात परीक्षा केंद्राबाहेर आंब्याखाली उभा होतो. शंकर तिथेच आला. नाटक कुठे तरी लांब होतं, घरी न जाता तो परस्पर आला होता. डोळ्यांत काजळ तसंच, हातात कपड्यांची पिशवी. आजूबाजूचे आईबाप त्याच्याकडे वळून बघत होते. त्याला त्याचं भान नव्हतं. दर थोड्या वेळाने तो मला विचारी, "नदी येतली मा?" मी म्हणे, "येतली."

मुलं बाहेर पडली. सृष्टी पॅड आणि पट्टी सांभाळत आली. शंकर पुढे झाला.

"नदी इली?"

"इली. नद्यांचोच प्रश्न इलो."

"काय लिवलंस?"

तिने सांगितलं, शाळेत सांगतात तसं, प्रमाण मराठीत, एका दमात. "ॲमेझॉन नदीचा उगम पेरू देशात अँडीज पर्वतात होतो. ती पूर्वेकडे वाहत जाऊन अटलांटिक महासागराला मिळते. तिच्या खोऱ्यात विषुववृत्तीय सदाहरित वने आहेत." आणखी दोन-तीन वाक्यं तशीच कोरडी, बरोबर. त्यात एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

शंकर वाट बघत होता. "आणि?"

"आणि काय? तेवढाच."

"माझा एकय वाक्य नाय?"

"नाय."

"तां दाही दिशांचा? लोकांका आवाडता तां."

"एकय नाय बाबा. सगळा पुस्तकातला."

मला त्याच्याकडे बघवेना आणि नजरही काढता येईना. महिनाभर झोप मोडून तो जे जे बोलला होता, ते सगळं मुलीने बाहेर ठेवलं होतं आणि जे हलवायचं नाही तेवढंच आत नेलं होतं. माझी वाक्यं मुलांच्या पेपरात वर्षानुवर्षं जशीच्या तशी उतरतात. मी त्यांना पूर्ण गुण देतो आणि स्वतःला चांगला शिक्षक समजतो. शंकरचं एकही वाक्य पेपरात नव्हतं, तरी नदी तिला त्याच्यामुळेच दिसली होती. त्या झाडाखाली उभं राहून मला त्याचा हेवा वाटला, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

"बरा झाला," तो म्हणाला. थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "लय बरा झाला गो." ज्या आवाजाला शेवटच्या रांगेतला माणूसही दाद देतो, तो मला दोन हातांवर नीट ऐकू आला नाही. सृष्टीला आला. तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली, स्वतःची ओढणी पुढे करून त्याच्या डोळ्यांखालचं काजळ पुसलं, काजळाबरोबर जे आलं तेही पुसलं, आणि म्हणाली, "चला घराक. तुमी रात्रभर झोपाक नाय." मग ती दोघं स्टँडच्या रस्त्याला लागली, ती पुढे आणि तो मागे.